त्वचेखालील सेन्सर वापरणाऱ्याला सोपा व्हावा म्हणून त्याची रचना कशी करावी

शरीरातील एखाद्या घटकाची सतत नोंद घेणारा सेन्सर त्वचेखाली बसवायचा असेल, तर कामाचा आरंभ सर्किटच्या आराखड्याने किंवा अ‍ॅपच्या पडद्याने करू नये. आधी एका कोऱ्या कागदावर वापरणाऱ्याला करावी लागणारी सर्व कामे क्रमाने लिहून काढावीत: वेष्टन उघडणे, जागा निवडणे, त्वचा पुसून कोरडी करणे, सुई टोचून घेणे, पहिला आकडा येईपर्यंत थांबणे, बोटातून रक्त काढून पडताळा देणे, आंघोळ करताना आणि झोपताना जपणे, इशाऱ्यांना उत्तर देणे, बॅटरी भरणे, मुदत संपल्यावर काढणे आणि काढलेली वस्तू टाकून देणे. मग प्रत्येक कामापुढे एकच प्रश्न लिहावा, की हे काम माणसाला का करावे लागते. बहुतेक ठिकाणी असे आढळेल की जे यंत्राला साधले नाही, ते माणसाच्या गळ्यात पडले आहे. ही यादी शेवटपर्यंत समोर ठेवावी, कारण पुढचा प्रत्येक तांत्रिक निर्णय तिच्यातील एखादी ओळ खोडतो किंवा नवी ओळ वाढवतो.

ग्लुकोजच्या सेन्सरांचा इतिहास या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. १९९९ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले पहिले यंत्र तीन दिवस नोंद घेई, त्यासाठी बोटातील रक्ताचे पडताळे मागत असे आणि त्याचे आकडे नंतर डॉक्टरांनाच पाहता येत. २०१४ मध्ये युरोपात आलेला फ्रीस्टाइल लिब्रे चौदा दिवस चाले आणि बोट टोचून पडताळा देण्याची गरजच त्याने काढून टाकली, कारण त्याचे कॅलिब्रेशन, म्हणजे विजेचा संकेत आणि खरा आकडा यांचा मेळ घालण्याचे काम, कारखान्यातच झालेले असे. हे आकर्षक पडद्यामुळे साधलेले नाही. प्रत्येक सेन्सरवरील रसायनाचा थर सारख्याच जाडीचा बसावा आणि तो दोन आठवडे स्थिर राहावा, या उत्पादनातील शिस्तीमुळे ते साधले. वापरणाऱ्याला मिळणारा सोपेपणा अशा रीतीने सेन्सरच्या अगदी आतल्या थरात ठरत असतो, आणि म्हणून या लेखात मी सर्वांत जास्त जागा त्या थरांना देणार आहे.

काय मोजायचे आणि किती काळ

पहिला निर्णय मुदतीचा असतो, आणि मुदत मोजायच्या गोष्टीवरून ठरवावी. काही महिन्यांतून एखादेच वेळी येणारी बेशुद्धी हृदयाच्या अनियमित ठोक्यांमुळे येते का, हे शोधायचे असेल, तर दोन आठवड्यांचा सेन्सर निरुपयोगी आहे. म्हणूनच छातीच्या त्वचेखाली सरकवले जाणारे हृदयलय-नोंदक सुमारे तीन वर्षे किंवा त्याहून अधिक टिकणाऱ्या बॅटरीसह बनवले जातात. त्यांना फक्त विद्युत संकेत ऐकायचा असतो, रसायनाशी संबंध नसतो, त्यामुळे त्यांचे कवच पूर्ण सीलबंद ठेवता येते. याउलट ग्लुकोज किंवा लॅक्टेट मोजायचे असेल, तर सेन्सरचे तोंड शरीरातील द्रवासाठी उघडे ठेवावे लागते, आणि उघडे तोंड म्हणजे मर्यादित आयुष्य.

रासायनिक मापनासाठी सध्या तीन वाटा आहेत. पहिली वाट त्वचेतून आत गेलेल्या केसासारख्या बारीक तारेची असून तिचा इलेक्ट्रॉनिक भाग त्वचेवर चिकटलेला असतो. दुसरी वाट सेन्सर असलेली संपूर्ण कुपीच त्वचेखाली बसवण्याची आहे. तिसरी, एक मिलिमीटरपेक्षा कमी लांबीच्या सूक्ष्म सुयांची वाट वेदनेच्या दृष्टीने सर्वांत सुखद आहे, मात्र इतक्या उथळ जागी त्वचा हलली की सुई बाहेर सरकते, म्हणून टिकाऊपणाचा पुरावा हाती आल्याशिवाय तिच्यावर विसंबू नये. पहिल्या वाटेत बसवणे आणि काढणे माणूस घरी करतो, पण ते दर एक-दोन आठवड्यांनी करावे लागते. दुसऱ्या वाटेत डॉक्टरकडे जाऊन छोटा छेद घ्यावा लागतो, मात्र नंतर अनेक महिने टोचणे नाही. कोणती वाट सोपी, हे वापरणाऱ्यावर अवलंबून आहे. हात थरथरणाऱ्या वृद्धाला दर दहा दिवसांनी सुई लावणे जड जाईल, तर दवाखान्यापासून दूर राहणाऱ्याला छेदासाठी दोनदा प्रवास करणे जड जाईल. दोन्ही प्रकारच्या माणसांशी बोलल्याशिवाय ही निवड करू नये.

येथेच एक मर्यादा मान्य करून ठेवावी. त्वचेखालील सेन्सर रक्त मोजत नाही. तो पेशींच्या अवतीभवतीच्या द्रवातील प्रमाण मोजतो, आणि रक्तातील बदल त्या द्रवात पोहोचायला साधारण पाच ते दहा मिनिटे लागतात. हा विलंब शरीराचा आहे, तो शून्य करता येत नाही. त्यावर सेन्सरवरील पातळ पटलाचा आणि आकडेमोडीचा विलंब जितका कमी चढवता येईल तितका कमी चढवणे एवढेच रचनाकाराच्या हाती असते. रेषा गुळगुळीत दिसावी म्हणून आकड्यांची लांबलचक सरासरी काढण्याचा मोह येथे टाळावा. ग्लुकोज वेगाने घसरत असताना देखणी पण उशिराची रेषा घातक ठरते.

आतले थर

ग्लुकोजचे उदाहरण पुढे नेतो, कारण त्यातल्या अडचणी इतर रासायनिक सेन्सरांनाही लागू पडतात. १९६२ मध्ये लेलंड क्लार्क आणि त्यांच्या सहकाऱ्याने मांडलेली मूळ कल्पना आजही टिकून आहे: ग्लुकोज ऑक्सिडेज हे विकर (एन्झाइम) इलेक्ट्रोडवर बसवायचे, ते ग्लुकोज आणि ऑक्सिजन यांची प्रक्रिया घडवते, आणि त्या प्रक्रियेचा माग विजेने घ्यायचा. प्रक्रियेत तयार होणारे हायड्रोजन पेरॉक्साइड प्लॅटिनमच्या इलेक्ट्रोडवर सुमारे ०.६ व्होल्ट विद्युत दाबाने मोजले की काही नॅनोअँपिअरचा प्रवाह मिळतो. कागदावर हे सोपे दिसते. शरीरात तीन अडथळे उभे राहतात, आणि तिन्हींची किंमत शेवटी वापरणाराच मोजतो.

पहिला अडथळा ऑक्सिजनच्या तुटवड्याचा आहे. त्वचेखालील द्रवात ग्लुकोज सुमारे ५ मिलिमोल प्रतिलिटर असते, तर ऑक्सिजन ०.१ मिलिमोलपेक्षाही कमी असतो. सेन्सर तसाच ठेवला तर तो ग्लुकोज मोजण्याऐवजी ऑक्सिजनची टंचाई मोजू लागेल. यावरचा रूढ उपाय म्हणजे सर्वांत बाहेर पॉलियुरेथेनसारख्या द्रव्याचे असे पटल चढवणे, की जे ऑक्सिजनला मोकळी वाट देते आणि ग्लुकोजला फार थोड्या प्रमाणात आत सोडते. या पटलाची जाडी हा सगळ्या रचनेतला सर्वांत नाजूक आकडा आहे. पटल जाड झाले तर प्रतिसाद मंदावतो आणि ओले होऊन स्थिर व्हायला वेळ लागतो, म्हणजे वापरणाऱ्याला पहिला आकडा उशिरा दिसतो. पातळ झाले तर वरच्या पातळीवरचे आकडे चपटे होतात. प्रत्येक नगात वेगळे झाले तर कारखान्यातील कॅलिब्रेशन फसते आणि बोट टोचण्याची ओळ यादीत परत येते. म्हणून पटल चढवण्याची यंत्रणा, तिचे तापमान आणि आर्द्रता यांवर नमुना-टप्प्यातच खर्च करावा. हाताने बुडवून केलेले पाच उत्तम सेन्सर काहीही सिद्ध करत नाहीत.

दुसरा अडथळा लुडबुड करणाऱ्या पदार्थांचा. ०.६ व्होल्टवर केवळ पेरॉक्साइड नव्हे, पॅरासिटामॉल आणि क जीवनसत्त्वही विद्युत प्रक्रिया करतात आणि आकडा खोटा फुगवतात. जुन्या काही यंत्रांच्या माहितीपत्रकात पॅरासिटामॉल घेऊ नका असे लिहिलेले असे. ताप आलेल्या माणसाला ही सूचना आठवावी आणि त्याने ती पाळावी, ही अपेक्षा मला अन्यायाची वाटते. इलेक्ट्रोड आणि विकराच्या मध्ये लहान पेरॉक्साइडलाच जाऊ देणारे निवडक पटल घालावे, किंवा ऑक्सिजनऐवजी विकराकडून इलेक्ट्रॉन वाहून नेणारा ऑस्मियमच्या संयुगांसारखा मध्यस्थ वापरून मुळात कमी दाबावर मापन करावे. दोन्ही मार्ग वापरात आलेले आहेत. मध्यस्थाच्या मार्गाने ऑक्सिजनवरचे अवलंबनही कमी होते. तरीही एखाद्या औषधाचा परिणाम शिल्लक राहत असेल, तर ती सूचना सेन्सर लावतानाच पडद्यावर, साध्या शब्दांत आणि औषधाच्या प्रचलित नावासह दिसली पाहिजे.

तिसरा अडथळा शरीर स्वतः आहे. परकी वस्तू आत आली की काही क्षणांत तिच्यावर प्रथिने चिकटतात, काही तासांत पांढऱ्या पेशी जमतात, पुढच्या दिवसांत भक्षक पेशी तिच्याभोवती ठाण मांडतात आणि काही आठवड्यांत कोलाजेनचे दाट कवच तयार होते. या कवचातून रक्तवाहिन्या फारशा जात नाहीत, त्यामुळे आतला सेन्सर उत्तम असूनही त्याच्यापर्यंत ताजा द्रव पोहोचत नाही. प्रयोगशाळेतील ग्लासात महिनाभर अचूक चाललेला सेन्सर शरीरात दहाव्या दिवशी ढेपाळतो, याचे कारण बहुधा हेच असते. सुरुवातीच्या काही तासांतले आकडे डळमळीत असतात त्यामागेही सुईने केलेली जखम आणि तिच्याभोवतीची सूज हेच कारण आहे.

या प्रतिक्रियेला पूर्ण थोपवणारा उपाय अद्याप नाही, परंतु ती सौम्य करणारे उपाय आहेत आणि ते एकत्र वापरावेत. तार शक्य तितकी बारीक व लवचीक असावी, कारण ताठ टोक प्रत्येक हालचालीबरोबर ऊतींना पुन्हा पुन्हा घासते. पृष्ठभाग पाण्याला धरून ठेवणारा असावा म्हणजे प्रथिने कमी चिकटतात. दीर्घ मुदतीच्या कुपीत सूज कमी करणारे औषध हळूहळू झिरपवता येते. २०१८ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या एव्हरसेन्स या पूर्ण त्वचेखालील सेन्सरात डेक्सामेथासोन हे सूज कमी करणारे औषध सोडणारी सिलिकॉनची कडी आहे. त्यात विकर नाही. ग्लुकोज चिकटले की चमकणारे रसायन वापरले आहे, त्यामुळे ग्लुकोज किंवा ऑक्सिजन खर्च होत नाही. जवळजवळ १८ मिलिमीटर लांबीच्या त्या कुपीची मुदत आधी ९० दिवस, २०२२ मध्ये १८० दिवस आणि २०२४ मध्ये एक वर्ष झाली. विकर दमते आणि चमकणारे रसायनही हळूहळू फिके पडते, पण कोणते किती वेगाने हे मोजून मुदत ठरवावी, जाहिरातीतील गोल आकड्यावरून नव्हे.

बसवण्याची क्रिया

बसवण्याचा क्षण एक सेकंदाचाही नसतो, पण माणूस पुन्हा हा सेन्सर लावेल की नाही हे बरेचसे त्या क्षणावर ठरते. सुई दिसू नये, तिला स्पर्श होऊ नये, आणि आत जाऊन आपोआप मागे फिरावी, अशी स्प्रिंगची रचना असावी. हळू टोचणारी सुई त्वचेला आधी दाबते आणि मग भेदते, त्यामुळे ती वेगवान सुईपेक्षा जास्त दुखते. अ‍ॅप्लिकेटर, म्हणजे सेन्सर टोचून बसवणारे साधन, चुकून हवेत सुटू नये म्हणून त्वचेवर पुरेसा दाब आल्याशिवाय बटण चालू नये. हे सर्व एका हाताने करता आले पाहिजे, कारण दंडाच्या मागील बाजूस लावताना दुसरा हात मोकळा असला तरी तो तेथे पोहोचतोच असे नाही.

पायऱ्या कमी करण्यात एक आडकाठी फारशी कोणाच्या ध्यानात येत नाही, ती निर्जंतुकीकरणाची. विकराचा भाग सहसा विकिरणाने निर्जंतुक केला जातो आणि तेच विकिरण इलेक्ट्रॉनिक चिपला बाधू शकते. चिपला चालणारा इथिलीन ऑक्साइड वायू विकराला सहसा मानवत नाही. काही यंत्रांत दोन वेगळी पाकिटे देऊन ती जोडण्याचे काम वापरणाऱ्याला का करावे लागे, याचे उत्तर बऱ्याच अंशी येथे आहे. नंतरच्या एकसंध यंत्रांनी हे काम काढून टाकले. तसे करायचे असेल तर विकिरणाचा झोत केवळ तारेवर पडेल आणि चिप आडोशाला राहील अशी मांडणी पहिल्या आराखड्यापासूनच करावी लागते, शेवटी ती जमत नाही. प्रतीक्षेचा काळही असाच आतून कमी होतो. डेक्सकॉम या कंपनीच्या २०१८ च्या ग्लुकोज-यंत्रात पहिल्या आकड्यासाठी दोन तास थांबावे लागे, पुढच्या पिढीत ते अर्ध्या तासावर आले.

चिकटपट्टी

अभियंते चिकटपट्टीकडे शेवटी वळतात आणि वापरणारे तक्रारी तिच्याबद्दलच सर्वांत आधी करतात. पट्टीला घाम बाहेर सोडता आला पाहिजे, तिच्या कडा गोल असाव्यात म्हणजे कपड्यात अडकून उचकटणार नाहीत, आणि ती यंत्राच्या तळापेक्षा सर्व बाजूंनी थोडी बाहेर आलेली असावी. गोंदाची निवड करताना फक्त त्वचेला लागणारा गोंद तपासून भागत नाही. २०१७ पासून त्वचारोगतज्ज्ञांनी आयसोबॉर्निल अ‍ॅक्रिलेट या पदार्थाची अ‍ॅलर्जी सेन्सर वापरणाऱ्यांत नोंदवली. तो पदार्थ प्लॅस्टिक कवचाचे भाग जोडणाऱ्या गोंदात होता आणि तेथून झिरपून त्वचेपर्यंत आला होता. अशी अ‍ॅलर्जी एकदा जडली की आयुष्यभर राहू शकते आणि त्या माणसाला उपयोगी यंत्रापासून कायमचे दूर करते. म्हणून यंत्रातील प्रत्येक द्रव्याची यादी पुरवठादाराकडून लेखी घ्यावी आणि आयएसओ १०९९३ या मानकांनुसार पेशींवरील विषारीपणा, दाह आणि अ‍ॅलर्जी यांची तपासणी तयार, निर्जंतुक केलेल्या यंत्रावर करावी. या मानकांत संपर्काचा काळ २४ तासांपर्यंत, २४ तास ते ३० दिवस आणि ३० दिवसांहून अधिक असा विभागलेला आहे. चौदा दिवसांचा सेन्सर एकामागून एक वर्षभर लावला जाणार असेल, तर एकूण संपर्क दीर्घकालीन आहे असेच धरून चालावे.

वीज आणि संदेश

दर पाच मिनिटांनी एक आकडा घेतला तर दिवसाला २८८ आकडे होतात. त्यांचे मापन फारशी वीज खात नाही, रेडिओ खातो. त्यामुळे सेन्सर बहुतेक वेळ झोपलेला असावा आणि ठरावीक वेळी क्षणभर जागा होऊन बोलावा. फोन दुसऱ्या खोलीत राहिला तरी रात्रीची नोंद गमावू नये म्हणून आठ तासांचे ९६ आकडे यंत्रातच साठवावेत. त्याला लागणारी मेमरी नगण्य आहे, आणि ती न दिल्याने पडणारी खिंडारे मात्र माणसाचा विश्वास उडवतात. पूर्ण त्वचेखालील कुपीसाठी २.४ गिगाहर्ट्झचा ब्ल्यूटूथ वापरता येतो, पण पाण्याने भरलेल्या ऊती ती लहर बऱ्यापैकी शोषतात. त्यापेक्षा वैद्यकीय रोपणांसाठी राखलेला ४०२ ते ४०५ मेगाहर्ट्झचा पट्टा, किंवा १३.५६ मेगाहर्ट्झवर बाहेरून वीज व संदेश दोन्ही देणारी तारेची गुंडाळी सोयीची ठरते. बाहेरून वीज देताना कुपीचा पृष्ठभाग शरीराच्या तापमानापेक्षा २ अंश सेल्सिअसहून अधिक तापता कामा नये. संदेश सांकेतिक केलेला असावा आणि सेन्सर कोणत्या फोनशी बोलतो हे बसवतानाच पक्के व्हावे. सुरक्षेसाठी वापरणाऱ्याकडून दर वेळी आकडे टाइप करून घेण्याची गरज त्यामुळे उरत नाही.

आकडे आणि इशारे

पडद्यावर तीन गोष्टी पुरेशा आहेत: आत्ताचा आकडा, तो कोणत्या दिशेने किती वेगाने चालला आहे हे दाखवणारा बाण, आणि गेल्या काही तासांची रेषा. बाकी सर्व एका पायरीने आत ठेवावे. अर्थ केवळ लाल-हिरव्या रंगावर सोपवू नये, कारण तो फरक अनेकांना दिसत नाही.

इशाऱ्यांबाबत मात्र मी कठोर राहीन. प्रत्येक खोटा इशारा पुढच्या खऱ्या इशाऱ्याचे वजन कमी करतो, आणि रात्री तीनदा विनाकारण उठवलेला माणूस चौथ्या वेळी आवाज बंद करून झोपतो. ग्लुकोज ७० मिलिग्रॅम प्रतिडेसिलिटरच्या खाली जाणे आणि ५४ च्या खाली जाणे यांत वैद्यकीय दृष्ट्या मोठा फरक आहे, म्हणून दोन्हींचा आवाज एकच असता कामा नये. आकडा ६९ आणि ७१ च्या मध्ये झुलत असेल तर दर वेळी ओरडू नये; एकदा इशारा दिल्यावर आकडा ठळकपणे वर आल्याशिवाय तो पुन्हा देऊ नये. झोपेत सेन्सरवर अंग पडले की त्या जागेचा द्रव व रक्तप्रवाह दाबला जातो आणि आकडा एकदम खोटा घसरतो. अशा घसरणीचा वेग आणि आकार खऱ्या घसरणीपेक्षा बहुधा वेगळा असतो, तो ओळखण्याचा प्रयत्न जरूर करावा, परंतु शंका असेल तेथे इशारा दाबू नये, "कूस बदलून पाहा" अशी सूचना त्याच्यासोबत द्यावी. सेन्सरला स्वतःच्या आकड्यावर भरवसा नसेल तेव्हा त्याने आकडा दाखवूच नये आणि किती वेळाने पुन्हा दाखवेल ते सांगावे.

तपासणी

अचूकता सांगताना प्रयोगशाळेतील रक्तमापनापासूनच्या टक्केवारी फरकांची सरासरी देण्याची पद्धत आहे, आणि आजच्या चांगल्या ग्लुकोज सेन्सरांत ती दहा टक्क्यांच्या आत असते. या एका सरासरीवर समाधान मानू नये. ती खालच्या पातळीवरील चुका झाकते, आणि धोका तेथेच असतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ मध्ये ठरवलेले निकष ७० च्या खाली, ७० ते १८० आणि १८० च्या वर अशा तीन पट्ट्यांत अचूकता वेगवेगळी मागतात; आपली तपासणीही तशीच मांडावी, आणि त्यात पहिला दिवस, शेवटचा दिवस व वेगाने बदलणारे तास स्वतंत्र दाखवावेत. प्रकाश त्वचेतून पार करून वाचणारा सेन्सर असेल, तर सर्व त्वचावर्णांच्या लोकांवर तो तपासलाच पाहिजे, कारण त्वचेतील मेलॅनिन हे रंगद्रव्य प्रकाश शोषते आणि बोटावरच्या ऑक्सिजनमापकांत यामुळे झालेली चूक नोंदली गेली आहे.

वापराची तपासणी आयईसी ६२३६६-१ या मानकाच्या चौकटीत करावी. अमेरिकी अन्न व औषध प्रशासनाच्या २०१६ च्या सूचनांनुसार अंतिम फेरीत प्रत्येक वेगळ्या वापरकर्ता-गटातून किमान १५ जण लागतात, पण त्याआधीच्या लहान फेऱ्या अधिक शिकवतात. पाच-सहा जणांना बंद खोका द्यावा, एक शब्दही न सांगता पाहत बसावे, आणि जेथे त्यांचा हात थांबतो तेथे खूण करावी. त्यांत कमी दिसणारे, सांधे आखडलेले, आणि स्वतःसाठी नव्हे तर मुलासाठी सेन्सर लावणारे पालक असावेत. ज्या ठिकाणी चूक झाली तेथे माहितीपत्रकात एक ओळ वाढवण्याचा सोपा मार्ग निवडू नये. रचना बदलून ती चूक अशक्य करता येते का, हे आधी पाहावे.

काढण्याची क्रियाही याच फेऱ्यांत तपासावी. पट्टी सोलताना त्वचा निघू नये म्हणून पकडायला एक सैल टोक ठेवावे आणि तार आत तुटून राहणार नाही एवढी ओढ ती सहन करते हे प्रत्यक्ष मोजावे. कुपी असेल तर ती डॉक्टरला बोटाने चाचपून सापडावी इतकी उथळ बसावी, कारण खोल सरकलेली कुपी शोधण्यासाठी मोठा छेद लागतो. वापरलेली सुई अ‍ॅप्लिकेटरमध्येच कुलूपबंद राहावी, आणि बॅटरी असलेला भाग वेगळा करण्यासाठी कोणतेही हत्यार लागू नये.